दाबलंय का?

"दाब!" मिस्त्री जीपच्या मागच्या चाकापाशी फतकल मारून ओरडला.

"दाबलंय!" सीटवरून बायकोचा आवाज आला.

त्यानं दोन्ही हातांनी टायर धरून फिरवला. चाक कुरकुरलं आणि फिरलं. फिरायला नको होतं.

"अगं, नीट दाब की! जेवली नाहीस का?"

"दाबलंय म्हणते ना! आधी तुमचा तो ड्रम बघा, उगाच माझ्या नावानं खडे फोडू नका."

बाकावर बसलेला जनावरांचा डॉक्टर हसला. जीप त्याची. जुनाट, पण फोर-व्हील ड्राइव्ह. डोंगरातल्या गोठ्यांपर्यंत चढणारी तेवढी एकच. उतारावर मागचे ब्रेक धरत नव्हते आणि नव्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले होते, म्हणून त्यानं ती इथं आणून उभी केली होती.

दोष सापडायला मिस्त्रीला वेळ लागला नव्हता. चाकाचा ड्रम काढला तर आतले, ब्रेक दाबल्यावर ड्रमला घासणारे लायनर तेलानं चिंब. एक्सलचं सील गेलेलं. त्यानं सील बदललं, लायनर नवे घातले, सिलिंडर नवा बसवला, पाइपातली हवा काढली. काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. तरी मेलं चाक फिरतंच होतं.

स्वतःच्या हाताला पटल्याशिवाय तो गाडी जॅकवरून उतरवत नसे. बायकोनं पेडल दाबायचं, त्यानं चाक फिरवून बघायचं, ही लग्न झाल्यापासूनची रीत. मदतनीस कशाला, घरचं माणूस आहे की, असं तो म्हणायचा.

त्यानं ड्रम पुन्हा उघडला. लायनर ड्रमच्या आणखी जवळ घेतले. पुन्हा "दाब", पुन्हा "दाबलंय". चाक पुन्हा फिरलं.

आता कुणी हसलं नाही. मिस्त्री आपल्या तळव्यांकडे बघत बसला. मुलगा कधीचा मागे लागला होता, बाबा, बास झालं, दुकान विका, माझ्याकडे राहायला या. ज्या दिवशी मला साधा ब्रेक जमणार नाही त्या दिवशी शटर ओढीन, असं मिस्त्रीनं मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं होतं. तो दिवस असा एखाद्या साध्या सकाळी येईल असं काही त्याला वाटलं नव्हतं.

"डॉक्टर, गाडी दुसरीकडे न्या," तो म्हणाला. "माझे हात गेले."

"असं काय बोलता, मिस्त्री?"

"खरं तेच बोलतो. कुठंतरी चुकतंय आणि कुठं ते मला कळत नाहीये. उद्या उतारावर तुमचं काही बरंवाईट झालं तर? त्यापेक्षा मी घरी बसलेलं बरं." त्यानं तेलकट बाहीनं डोळे पुसले आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

एरवी बायको, काहीतरीच काय बोलता, म्हणून अंगावर आली असती. आज मात्र दाराला धरून ती सीटवरून सावकाश खाली उतरली.

"डॉक्टर, तुम्ही पेडल दाबायला बसता का जरा? मी चहा टाकते."

"आता काय बघायचं राहिलंय?" मिस्त्री खेकसला.

"एकदाच बघा हो. माझ्यासाठी." एवढं बोलून ती दुकानामागच्या घराकडे निघाली.

डॉक्टर सीटवर चढला. मिस्त्रीनं नाइलाजानं टायरला हात घातला.

"दाबा."

चाक हलेना. त्यानं जोर लावला. खांदा लावला. छे, तसूभरही नाही.

"लागला! अहो डॉक्टर, लागला की!" तो लहान मुलासारखा हसायला लागला. "सगळं वजन टाकलंत काय पेडलवर?"

"कुठलं हो! नुसता पाय टेकवलाय."

"अगं, ऐकलंस का? हात शाबूत आहेत माझे!"

त्यानं वाकून जीपच्या खालून घराच्या दाराकडे बघितलं. ती अजून उंबऱ्याशीच होती. चौकटीला खांदा टेकून ती आपला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवत होती.