पट्टी सोड्यात

"यांना सांगा, पट्टी सोड्यात टाकली," धाकटा म्हणाला.

पोस्टमास्तरांनी मागे वळून पाहिलं. थोरला तीन हातांवर, भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा होता. त्याला ऐकू गेलं नसेल हे शक्यच नव्हतं.

"पट्टी सोड्यात टाकली," तरीही ते म्हणाले.

"बरं म्हणावं," थोरला घड्याळाला म्हणाला.

पॉलिशवाले दोघं भाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. वर्कशॉप एकच, जेवणाचा डबाही एकच, पण अबोला पक्का. निरोप पोचवून पोचवून थोरल्याची बायको कालच माहेरी निघून गेली होती, आणि आज नेमके पोस्टमास्तर तावडीत सापडले. नोकरी संपून चार वर्षं झाली, तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. त्यांच्या जुन्या गाडीच्या दारावरची ही अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भंगारवाल्यांकडे सहा महिने खेटे घालून मिळाली होती. तशी दुसरी आता जगात कुठे असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

पट्टीवर कारखान्यातच चढवलेला अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर होता. तो असेपर्यंत कितीही घासा, पॉलिश लागत नाही. म्हणून कॉस्टिक सोड्याचं पाणी. थर निघाला की फेस येतो, आणि त्यानंतर पट्टी आत राहिली तर सोडा धातूच खायला लागतो. या वर्कशॉपात वडिलांपासूनची पद्धत होती. एकाने फेस बघून 'आला' म्हणायचं, दुसऱ्याने घड्याळ बघून 'काढ' म्हणायचं. 'काढ' ऐकल्याशिवाय पट्टी काढायची नाही. गेल्या आठवड्यात एक पट्टी कागदासारखी पातळ झाली. धाकटा म्हणतो, मी 'आला' म्हणालो होतो. थोरला म्हणतो, हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

"त्या शहाण्याला सांगा, चार मिनिटं झाली."

"चार मिनिटं झाली, म्हणतात."

"शहाणा कुठे गेला?" थोरल्याने विचारलं. "मी शहाणा म्हणालो होतो."

पोस्टमास्तर ओशाळले. पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाचं टपाल अर्धवट पोचवलं नव्हतं. "त्या शहाण्याला सांगा, असं म्हणाले," त्यांनी दुरुस्ती केली.

"यांना विचारा, आज कान धुवून आलात का?"

"कान धुवून आलात का, असं विचारतोय."

"त्याला विचारा, गेल्या वेळी कुठले दिवे लावलेस?"

"गेल्या वेळी कुठले..." पोस्टमास्तर अडखळले. प्लास्टिकचा पाइप उभा चिरून केलेल्या सोड्याच्या लांब पन्हळीतून सुरसुर आवाज यायला लागला होता. एका टोकाला बुडबुडे दिसत होते. "अहो, हे काय होतंय?"

"पाच मिनिटं झाली," थोरला म्हणाला. "फेस आला का, विचारा त्याला."

"यांना डोळे दिलेत ना देवाने, विचारा."

"मी नाही विचारणार." पोस्टमास्तरांनी स्टूल ओढलं, त्यावर बसकण मारली आणि हाताची घडी घातली. संतापाने त्यांचे कान लाल झाले होते. "माझी पट्टी विरघळतेय आणि मी तुमची भांडणं वाटत फिरतोय. टपाल बंद."

धाकटा हातमोजे घालून पन्हळीवर वाकलेला, थोरला घड्याळावर डोळे लावलेला. फेस पट्टीच्या मध्यापर्यंत आला. कुणी बोलेना. फेस दुसऱ्या टोकाला पोचला. पोस्टमास्तरांचा जीव टांगणीला लागला, पण त्यांनीही ओठ घट्ट मिटून घेतले.

"आला."

"काढ."

दोन्ही शब्द जवळजवळ एकदमच आले. धाकट्याने पट्टी उचलून पाण्याच्या टाकीत घातली, धुतली आणि वर धरली. पट्टी काळीकुट्ट झाली होती. पोस्टमास्तर स्टुलावरून उठले ते तसेच उभे राहिले. मग धाकट्याने फडकं फिरवलं, काळं पुसलं गेलं आणि खालून पांढुरका, कोरा धातू दिसला. थोरल्याने कड नखाने चाचपली आणि मान हलवली. पट्टी जाडीला जशीच्या तशी होती.

"बघ दादा," धाकटा म्हणाला, "आज मी आधी बोललो."

"तू? मी 'काढ' म्हणालो, मग तुझं तोंड उघडलं."

"'आला' ऐकल्याशिवाय तू 'काढ' म्हणशीलच कसा?"

"तुझी वाट बघत बसलो असतो तर नुसतं पाणी हातात आलं असतं."

"पोस्टमास्तरांना विचार मग."

दोघंही त्यांच्याकडे वळले. "तुम्हीच सांगा, आधी कोण बोललं?"

पोस्टमास्तरांनी अगदी स्पष्ट ऐकलं होतं. ते पट्टी फडक्यात गुंडाळत राहिले.

"मला नाही बुवा ऐकू आलं," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही एकमेकांना विचारा."