ओला रंग

रुग्णालयाच्या चित्रवर्गात मालन वादळाच्या एका जुन्या चित्राची तैलरंगात नक्कल करत होती. काळं आभाळ, फुटलेली होडी, किनाऱ्याकडे धावणारी पाच माणसं. दामोदर डबा घेऊन आला आणि तिच्या पाठीशी थबकला. होडीजवळ सहावी एक पोर होती, पिवळ्या झग्यातली.

“ही कोण गं?”

“मूळ चित्रात असेल की. मी काय मनानं काढते? तो डबा खाली ठेवा, कलंडतोय.”

मूळ चित्रात पोर नव्हती. तशाच झग्यातली त्यांची शेवंता वर्षापूर्वी खाडीत बुडाली. मालनने अन्न सोडलं, तेव्हा दामोदरनेच सही केली आणि डॉक्टरांनी लेकीची आठवण तिच्या मेंदूतून काढून टाकली. काही उरलंय का, ते या चित्रांवरून तपासत. उरलं असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. शेजारच्या खाटेवरची बाई दुसऱ्या खेपेला स्वतःचं नावही विसरली होती.

डॉक्टर आत आले आणि रांगेतल्या पहिल्या रुग्णाच्या चित्रापाशी थांबले. रंग अजून ओला होता. दामोदरने रंगाची सुरी उचलली आणि पोरीला पायांकडून खरवडायला लागला.

“अहो, चेहरा तरी राहू द्या,” मालन म्हणाली. “फार मन लावून काढलाय.”

दामोदरने चेहराही खरवडला.