कानाचा चिमटा

“पंखा बंद कर, ते घड्याळही बाहेर ने,” नवऱ्याने फर्मान सोडलं. कानाच्या पाळीला चिमटा, चिमट्याची वायर डबीला, डबीवर दिवा. संथ श्वासाच्या लयीत हृदयाचे ठोके आले की दिवा हिरवा होतो, नाहीतर लाल. रुग्णवाहिकेच्या मदतकेंद्रात हा फोन घेतो. तिथे चक्कर येऊन पडला, तेव्हा साहेबांनी ही डबी देऊन घरी पाठवलं: “दिवा हिरवा ठेवता आला की या कामावर.” आठवडा झाला, दिवा लालच. घर चिडीचूप, तरी याचे कान न वाजलेल्या फोनकडे लागलेले. मी तोंड उघडलं की “श्श!” आज माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यालाच फोन लावला. “काय गं?” “हॅलो, मदत हवी होती.” मग त्याचा कामावरचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला. “बोला ताई, घाबरू नका. काय झालंय?” मला ताई! तरी नेटाने म्हटलं, “माझा नवरा घरातच आहे, पण सापडत नाहीये.” “आधी माझ्याबरोबर सावकाश श्वास घ्या. आत... बाहेर...” दाराच्या फटीतून पाहिलं तर दिवा हिरवागार. “आता पत्ता सांगा.” मी आमच्याच घराचा पत्ता सांगितला, मजल्यासकट. दिवा पुन्हा लाल झाला. खुर्ची सरकली, चिमटा जमिनीवर पडला. “फोन ठेवू नका,” तो म्हणाला. “पोहोचतोच.”