मोडीतला टँगो

"काय लिहिलंय हे?" फौजदारांनी कन्नडमध्ये विचारलं आणि गंगाधररावांच्या तोंडचं पाणी पळालं.

घराची झडती घेणाऱ्या फौजदारांच्या हातात गंगाधररावांच्या नव्या नाटकाचं पान होतं. आणीबाणीचं दुसरं वर्ष. नाटकातला राजा झोपेतही हुकूम सोडायचा. तो कोण, हे अग्रहाराच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. नशीब एवढंच, की गंगाधरराव सगळं मोडीत लिहीत. राजवाड्यात कारकून असलेल्या आजोबांनी ती लिपी शिकवली होती. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती, आणि ते बरंच होतं. त्यांच्या कागदांच्या पेटीच्या तळाशी पंचवीस वर्षांपूर्वीची टँगोची गाणी होती, हॉटेलातल्या बँडसाठी लिहिलेली. त्यातलं एक त्यांनी बँडला कधी दिलंच नाही. त्यात बँडच्या गाणारणीचं नाव होतं.

"जुनी गाणी आहेत, साहेब. टँगोची," ते चाचरत म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. अम्मा, नीवु ओदि." वाचा म्हणत फौजदारांनी पान सुमित्राबाईंपुढे धरलं.

गंगाधररावांच्या बायकोला वाचता यायचं ते फक्त कन्नड. आता ती नाही म्हणणार, पान ठाण्यावर जाणार, तिथं कुणी जाणकार भेटणार. मग तुरुंग. त्यांनी मनातल्या मनात नरसिंहाचा धावा केला.

सुमित्राबाईंनी चष्मा लावला. ओळींवरून बोट सरकवत त्या वाचू लागल्या.

"पाऊल पुढती, पाऊल मागे, थांब जराशी वळताना,
कृष्णवेणी, श्वास अडकतो, हात तुझा गं सुटताना..."

मग त्यांनी कन्नडमध्ये अर्थही सांगितला. फौजदारांना हसू फुटलं.

"यारम्मा ई कृष्णवेणी?" कोण ही, असं त्यांनी विचारलं.

"नाने," सुमित्राबाई म्हणाल्या. मीच. "लाडानं म्हणतात."

फौजदारांनी पान टेबलावर टाकलं. जीप गेली.

गंगाधररावांनी घाईनं पान उचललं. नाटकाचंच होतं. पहिला अंक, राजाचं भाषण. गाणं त्यावर नव्हतंच. ते पेटीच्या तळाशी होतं, बँडला कधीच न दिलेलं.

सुमित्राबाईंनी दार लावून घेतलं.

"मोडी शिकायला मला दोन वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "फौजदारांना मी उत्तर दिलं. आता मला तुम्ही द्या."