गजांची खिडकी

"तिला बाहेर सोडणार नाही. खिडकीतून बोला काय ते," विहीणबाईंनी सांगितलं आणि खोलीची किल्ली कमरेला खोचली.

भिकाजी मागच्या परसात गेला. लाकडी गजांमागे त्याची लेक उभी होती. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. "आई बरी आहे?" तिने विचारलं. दोन गजांमधून तिने हात बाहेर काढला, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंतचे वळ त्याला दिसले.

"कोणी मारलं, बाय?"

ओटीवरून जावयाचं हसणं ऐकू आलं.

येताना भिकाजीने विनवण्या करायचं ठरवलं होतं. आता त्याने माडाच्या बुंध्याशी टेकवलेली पहार उचलली. "मागे सर." पहिला गज मोडला. "म्हाताऱ्या, घर फोडतोस?" म्हणत जावई धावत आला, पण भिकाजीने पहार त्याच्याकडे वळवली तसा तो जागीच थांबला. शेवटचा गज निखळेपर्यंत शेजारी कुंपणाशी गोळा झाले.

विहीणबाईंनी घाईघाईने खोलीचं कुलूप काढलं. "अगं, लोक बघतायत. दारातून तरी जा!"

"आता कशाला?" लेक म्हणाली. साडी आवरून ती खिडकीवर चढली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर उतरली.