खालची खोली

“पुढच्या शुक्रवारीबी उपास,” चंद्रावतीनं जाहीर केलं. “प्रभूचा जवाब अजून आला नाय.”

प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. रंभानं तेवढा पोटावर हात ठेवला. तिच्या पोटात सकाळपासून कावळे ओरडत होते, आणि असे किती शुक्रवार गेले याचा हिशेब तिनं कधीच सोडून दिला होता.

देवाला विचारायचं होतं एवढंच, की चंद्रावतीनं आपल्या नणंदेला घरी आणायचं का नाही. ही नणंद, गोदूबाई, आपट्याला राहायची. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय अजून जमिनीला टेकवत नव्हता. शेजारणी आळीपाळीनं ताट आणून द्यायच्या. “आई, आत्याला आणू का इकडं?” हरेशनं विचारलं, तेव्हा चंद्रावती म्हणाली, “देवाच्या इच्छेबाहेर मी पाऊल टाकत नाय. आधी त्याला विचारते.”

कोन गावच्या ख्रिस्ती मंडळीत तिचा शब्द चालायचा. पाळकसाहेबसुद्धा सभेची वेळ तिला विचारून ठरवायचे. तिनं उपास म्हटला की उपास.

घरात रिकामी खोली एकच होती, खालची. ती तर प्रार्थनेची. प्रभूची खोली प्रभूला न विचारता द्यायची कशी? चंद्रावती असं सांगायची आणि ते सगळ्यांना पटायचं. काटा रुतला होता तो दुसराच. हरेशच्या लग्नात, भर मांडवात, गोदू हसत हसत म्हणाली होती, “आमच्या वैनीला देवाशी बोलता येतं, माणसांशी तेवढं येत नाय.” अख्खा मांडव खो खो हसला. चंद्रावतीनं त्या दिवसापासून आपट्याची वाट सोडली. हरेशचा पोरगा आता शाळेत जायला लागला, तरी सोडली ती सोडलीच.

“चंद्रे, एक विचारू?” रंभा म्हणाली. “देव नको म्हणाला तर काय करशील?”

“नाय आणायची. त्याच्यापुढं मी कोण?”

“आन आण म्हणाला तर?”

“तर परत एकदा विचारीन,” चंद्रावतीच्या तोंडून निघून गेलं.

मागच्या खुर्चीवर कोणीतरी फिसकन हसलं. रंभा हसली नाही. “मग तो पयल्याच शुक्रवारी बोलला असंल गं बाय. आमाला कशाला उपाशी मारतेस?”

चंद्रावतीनं तोंड उघडलं. रंभा प्रवचनात घोरते, हे सांगायला शब्द जिभेवर तयार होते. ते तिथंच राहिले. पहिल्या शुक्रवारी तिनं डोळे मिटले, तेव्हा समोर गोदूच आली होती. ओल्या न्हाणीत पडलेली, हाका मारणारी. चंद्रावतीनं झटकन डोळे उघडले होते आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात गीत धरलं होतं.

“समीक्षा!” तिनं सुनेला हाक मारली. “भात टाक. सगळ्या जेवून जातील. आन या खुर्च्या गच्चीवर जाऊ देत. इथं खाट लागंल.”

“अहो, पण मग सभा कुठं घ्यायची?” समीक्षानं विचारलं.

“इथंच. खाटेभोवती उभ्या रावा. यांची हाडं काय मोडली नायत.”

दुपारी हरेशनं गाडी आपट्याला नेली. गोदूबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. वाळली होती, पण नजर तीच, मांडवातली. चंद्रावती उंबऱ्यात उभी राहिली. वाटेत चार चांगली वाक्यं तिनं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“चल,” ती कशीबशी म्हणाली. “घर तुझ्या बापाचं हाय.”

गोदूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, “मीबी शुक्रवार धरलेत, वैनी.”

“बरी व्हायला?”

“नाय गं. देवाला म्हटलं, कुठंबी ठेव, उपाशी ठेव, पण त्या चंद्रावतीच्या दारात नेऊ नको.”

हरेशनं मान खाली घातली. चंद्रावती खाटेच्या कडेला बसली. गोदूबाईचा हात उचलून तिनं आपल्या खांद्यावर घेतला.

“ऊठ बाय,” ती म्हणाली. “जन्मात पयल्यांदा आपण दोघींनी एकच मागितलं, आन त्यानं दोघींनाबी नाय म्हटलं.”