नमुन्याचं पान

"पाचला खिडकी बंद होते," बायको म्हणाली आणि तिने अर्ज इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. कॉलेजचं कार्यालय रस्त्यापलीकडेच. पण अर्जातला एक रकाना अजून कोरा होता. मुख्य विषय.

इस्त्रीवाल्याने मान वर केली नाही. "मग लिही की."

"काय लिहू?"

आता आली का पंचाईत! दोन वर्षं सगळं बरं चाललं होतं. पन्नाशीला टेकलेली बायको पदवीला बसली, आणि पदवीही अशी, की इतिहास म्हणू नका, मानसशास्त्र म्हणू नका, व्यवस्थापन म्हणू नका, सगळं थोडंथोडं शिकायचं. मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. म्हणून ती रोज दुपारी दुकानात स्टुलावर बसून धडे वाचायची आणि हा इस्त्री फिरवत ऐकायचा. चौथीत शाळा सुटलेला माणूस. गिऱ्हाइकांची नावं चिठ्ठीवर लिहायची, एवढंच काय ते लिहिणं उरलेलं. पण आता दुष्काळ, लढाया, तान्ही बाळं का रडतात, कशावरही विचारा, याचं मत तयार! तिसऱ्या वर्षाला मात्र एकच विषय धरायचा होता. तो कुठला असेल आणि तो आपल्याला कळेल का, या धास्तीने महिनाभर त्याला धड जेवण गेलं नव्हतं. सांगतो कुणाला?

तेवढ्यात लेकीचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"आई, डोळे झाकून व्यवस्थापन घे. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर किती वर्षं बसणार? बढती नको का तुला? आणि बाबा, तुम्ही तिला उगाच भरीस घालू नका हं."

"मी कशाला घालतोय!" तो म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

फोन ठेवून बायकोने पिशवीतून कॉलेजची पुस्तिका काढली. प्रत्येक विषयाच्या तिसऱ्या वर्षाचं एकेक पान तिच्यात नमुन्याला छापलेलं होतं. "ऐका," ती म्हणाली, आणि व्यवस्थापनाचं पान वाचू लागली. उद्दिष्टं, मनुष्यबळ, कामाची विभागणी. पान संपेपर्यंत याचे चार शर्ट आणि एक चादर उरकली.

"छान आहे," तो म्हणाला. "उपयोगाचं आहे. हेच लिही."

"थांबा हो. अजून एक आहे."

ते इतिहासाचं होतं. नदीकाठच्या एका गावात साथ येते. माणसं घरंदारं टाकून निघतात. गावचा नावाडी दोन दिवस, दोन रात्री त्यांना पैलतीराला पोचवत राहतो. शेवटची खेप टेकते आणि कुणीतरी म्हणतं, विणकराची आंधळी आई मागेच राहिली. सगळे एकमेकांकडे बघतात. नावाडी नाव वळवतो.

बायको थांबली.

"मग?" इस्त्रीवाला म्हणाला.

"मग काय? पान संपलं."

"असं कसं संपलं? सापडली का ती? तो माघारी आला का?"

"पुढचं तिसऱ्या वर्षाला आहे. अहो, शर्ट!"

त्याने झटकन इस्त्री उचलली. मुख्याध्यापकांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, बरोबर पाठीत, तांबूस डाग उमटला होता. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने तो शर्ट उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"गेला कामातून," तो म्हणाला. मग शर्टाकडेच बघत म्हणाला, "तू व्यवस्थापन घे. माझं काय, मी आपला कान देतो इतकंच. परीक्षा तुला द्यायचीय. माझ्यापायी तुझी बढती अडायला नको."

"बढतीला पदवी लागते. विषय कुठलाही चालतो. परवाच विचारून आलेय मी."

"परवा? मग आतापर्यंत रकाना कोरा कशाला ठेवलास?"

"तुम्ही तोंड उघडाल म्हणून!" बायको एकदम चिडली. डोळे मात्र भरून आले होते. "दोन वर्षं प्रत्येक राजाला नावं ठेवलीत. आणि आता, माझ्या विषयाची वेळ आली, तर म्हणे छान आहे, उपयोगाचं आहे! अहो, पेपर हातात आला की मला धडा आठवत नाही. तुम्ही कुठे अरेरे म्हणालात, कुठे हसलात, कुठे इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिलात, ते आठवतं. त्यावरून मी उत्तरं लिहिते. मनातल्या मनात वाचायचा विषय घेऊन मी काय करू?"

 त्याने बटण बंद केलं. हात पँटला पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. अर्ज ओढून घेतला आणि तिच्या हातातलं पेन मागितलं.

"कुठं लिहायचं?"

तिने रकान्यावर बोट ठेवलं. तो टेबलावर वाकला. चिठ्ठ्यांवर झरझर चालणारा हात इथे एकेका अक्षराला थबकत होता. रस्त्यापलीकडे कार्यालयाचा शिपाई दाराशी येऊन घड्याळ बघून गेला. पाचला सात कमी होते.

"होऊ दे सावकाश," बायको म्हणाली आणि कागद हलू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.